एक वर्कलोड, दोन माणसं

आमच्या पेडण्यात शिकल्यासवरल्या पोराला रस्त्यात गाठून कोणी विचारत नाही, की बाबा रे, काय शिकवतोस, मुलं ऐकतात का, काम आवडतं का. विचारतात एवढंच: "पर्मनंट जालो मरे?" हो म्हटलं तर लगेच लग्नाची गोष्ट निघते. नाही म्हटलं तर विचारणारा "जातलो, जातलो" म्हणत, होशील रे कधीतरी अशा सुरात, पावाची पिशवी सावरतो आणि पुढे जातो. पोरगी असली तर तेवढंही म्हणत नाहीत, नुसते बघतात.

मी डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली असा उभा जन्म बसमध्ये काढला. संपादकांनी फोन करून 'तरुण प्राध्यापकांचं समाधान' या विषयावर लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला गोड हवं असेल तर दुसरं कोणी बघा, माझ्याकडे तसलं काही नाही. ते म्हणाले, जे आहे ते लिहा. तेव्हा आता तक्रार करायची नाही.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कॉलेजात एका विषयाचे आठवड्याला जेवढे तास असतात त्याला आम्ही वर्कलोड म्हणतो. एका माणसाला पुरेल एवढा वर्कलोड असला तर एक माणूस ठेवता येतो. तो कायमचा ठेवायचा तर जागा मंजूर व्हावी लागते, आणि ती सहसा कोणी निवृत्त झाल्यावर, तीही देवाच्या मनात आलं तरच. तोवर कंत्राट. जूनला घ्यायचं, एप्रिल संपला की घरी पाठवायचं, आणि पुन्हा जूनला त्याच खुर्चीसाठी त्याच माणसाची नव्यानं मुलाखत. नवऱ्यानं दर वर्षी बायकोला बघायचा कार्यक्रम करावा आणि तिनं दर वर्षी पोह्यांची बशी घेऊन बाहेर यावं, तसला प्रकार. कंत्राटाच्याही खाली 'लेक्चर बेसिस' असतं. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. चतुर्थीच्या सुट्टीत सगळ्यांच्या घरी गणपती येतो आणि या पोरांच्या घरी काळजी.

अलीकडे 'मेंटर' हा शब्द आला. नव्या शिक्षकाला एका जुन्या शिक्षकाच्या हवाली करायचं, त्यानं त्याला वळण लावायचं. बहुतेक ठिकाणी मेंटर चहा पाजतो आणि सही करतो. मी मात्र ते मनावर घेतलं, कारण माझ्या वेळी कोणी घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी माझ्या हातात खडू दिला आणि वर्ग वरच्या मजल्यावर आहे म्हणून सांगितलं. एवढंच माझं प्रशिक्षण. त्यामुळे मी नव्या पोरांच्या वर्गात जाऊन मागे बसायची, निमूटपणे सगळं ऐकायची, आणि मग कँटीनमध्ये भाजी-पाव खाऊ घालून त्यांची सालटी काढायची.

एकजण असा आला होता की त्यानं अख्ख्या सत्राचा अभ्यासक्रम चतुर्थीच्या आत संपवला. अतिशय हुशार मुलगा. मी विचारलं, आता उरलेले महिने काय करणार? तो म्हणाला, आता मुलांनी शंका विचाराव्यात. मुलं शंका विचारीनात, कारण शंका यायलाही थोडं समजावं लागतं. मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, मी सतरा वर्षांची आहे, आतल्या साळचा पाऊस आणि समुद्रकाठच्या केरीचा पाऊस सारखा का नाही ते मला सांग. घामाघूम झाला बिचारा. पण शिकला. आता चांगल्या कॉलेजात कायम आहे, सणावाराला लांबलचक आवाजी निरोप पाठवतो, आणि त्यातही घाईच करतो.

असे पुष्कळ झाले. पण लिहायला बसले की दोघंच समोर येतात. स्नेहल परब आणि विराज गावस.

स्नेहल पेडणे तालुक्यातल्या केरीची. वडील फेरीबोटीवर कामाला होते. बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. पेडण्याहून आम्ही एकाच बसनं जायचो, आणि म्हापसा येईपर्यंत ती मला तिचा त्या दिवसाचा तास म्हणून दाखवायची. शेजारच्या बायका मासळी आणायला निघालेल्या असायच्या, त्यांनाही मान्सून पाठ झाला असेल. विराज मुळगावचा. घरी शेती, त्यातली बरीचशी पावसात वरच्या खाणींतून येणाऱ्या लाल गाळाखाली गेलेली, उरलेल्या तुकड्यात वडील वायंगण करायचे, म्हणजे पाऊस सरल्यावर झऱ्याच्या पाण्यावरचं भात. हा मोजकं बोलणारा, पण वर्गात उभा राहिला की वेगळाच माणूस. एकदा गढूळ पाण्याची बाटली घेऊन आला, टेबलावर ठेवली आणि तासभर नदीबद्दल बोलला. तास संपताना म्हणाला, आता बाटलीकडे बघा. तळाला थर बसलेले. हे आमचं शेत, म्हणाला. खाणीवर ट्रक चालवणाऱ्यांची पोरंही त्या वर्गात होती. त्यांच्यापैकी एकानंही तोंड वाकडं केलं नाही, कारण त्यानं कुणावर आळ घेतला नव्हता.

स्नेहलचं कसब आणखी निराळं. नकाशावरच्या उंचीच्या रेषा मुलांच्या डोक्यात शिरवणं म्हणजे आमच्या विषयातलं अवघड जागेचं दुखणं. तिनं परातीत करवंटी पालथी घातली, थोडं थोडं पाणी ओतत गेली, आणि दर वेळी पाणी टेकलं तिथे खडूनं रेघ मारली. मग वरून बघायला सांगितलं. मागच्या बाकावरची एक पोरगी "अगो, हो तर दोंगर!" म्हणून ओरडली. स्नेहल तो दिवसभर एकटीच हसत होती. समाधान म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

दोघांना कंत्राट मिळालं होतं, कारण त्या वर्षी मुलं भरपूर होती. पुढच्या जूनला प्रवेश घसरले आणि माझ्याखेरीज एकाच माणसाचा वर्कलोड उरला. मी दोघांना बोलावून सांगितलं की मुलाखत आहे, दोघं बसा, एकजण राहील. दोघांची तोंडं उतरली. स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त, हे मला दिसत होतं.

मुलाखतीच्या आधी दोघं एकाच मोटारसायकलवरून पेडण्याला माझ्या घरी आली. विराजच्या हातात घरचा फणस. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला,

"मॅडम, आमी पाळी थारायली. औंदू स्नेहल. फुडल्या वर्सा हांव."

आम्ही आपसात कोकणीच बोलतो, पुढचं मराठीत लिहिते. पण हे वाक्य त्याच्याच तोंडचं राहू द्या: यंदा स्नेहल, पुढच्या वर्षी मी.

पाळी म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. चार भावांचं मिळून एक काजीचं भाट असतं, म्हणजे काजूची बाग. डोंगर तो, वाटून कसा घेणार? मग एका वर्षी एका घरानं काजी गोळा करायच्या, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या घरानं. देवळातली सेवाही तशीच. कागद नाही, सही नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तेच या दोघांनी नोकरीला लावलं होतं. ज्याची पाळी नाही त्यानं त्या जूनला मुलाखतीला यायचंच नाही.

मी संतापले. म्हटलं, अरे शहाण्यांनो, कॉलेज म्हणजे काय तुमच्या आजोबांचं भाट? आणि पाळी उत्पन्नाची असते, भाटाची नव्हे. भाटच जायची वेळ आली की पाळीला कोण विचारतो? आमच्या घरात झालेलं मी त्यांना सांगितलं. आमचं भाट रस्त्यासाठी गेलं, भरपाईचे पैसे आले, तेव्हा ज्या चुलत भावाची पाळी चालू होती तो म्हणाला, ताबा माझा. दुसरा म्हणाला, हक्क सगळ्यांचा. तेव्हापासून एका घरात दोन गणपती येतात, आणि मधल्या भिंतीतून दोन्हीकडच्या आरत्या ऐकू येतात.

स्नेहल म्हणाली, "आमच्यात तसं होणार नाही, मॅडम."

मी कोयतीला तेल लावून फणस फोडायला बसले. खोटं कशाला बोलू, रागावले होते तरी आतून मला बरंही वाटत होतं. स्टाफरूममध्ये एकमेकांना पाण्यात बघणारी माणसं बघून बघून डोळे विटले होते. इथे दोन पोरं अर्धी अर्धी भाकर खायला तयार होती.

आणि त्यांनी ते पाळलं, हो. एक वर्ष ती, एक वर्ष तो. दोघांच्या दोन-दोन पाळ्या झाल्या. पाळी नसलेल्या वर्षी विराज वडिलांबरोबर वायंगणात उतरायचा आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायचा. स्नेहल केरीच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात बसायची. पण मुलांना घेऊन नदीवर, किनाऱ्यावर जायचं असलं की पाळी कुणाचीही असो, दोघं हजर. भाड्याची बस असली तर विराज आपल्या मोटारसायकलनं मागोमाग यायचा, म्हणायचा, बसमध्ये मी कशाला, माझं वर्ष नाही. पण एकदा खाली उतरला की पाण्यात गुडघाभर शिरून पोरांना वाळूचे कण मोजायला लावायचा. मुलंही जूनमध्ये येऊन विचारायची, यंदा कोण? त्यांना सवय झाली होती. त्या काळात ती दोघं जेवढी खूश होती तेवढा खूश मी कुठला पर्मनंट माणूस बघितला नाही, आणि त्यात मीही आले.

घरी मात्र खुशी नव्हती. विराजला सांगून आलेल्या मुलीचे वडील मुळगावात चौकशी करून गेले. एक वर्ष मास्तर आणि एक वर्ष शेतकरी, हे त्यांच्या गळी उतरेना. मुलगी दुसरीकडे दिली. स्नेहलची आई मला एकदा पेडण्याच्या बाजारात भेटली. भाजी घेता घेता म्हणाली, "मॅडम, आमची स्नेहल हुशार ना? मग तिला ठेवीत का नाहीत?" मी तिला पाळीचं सांगितलं नाही. स्नेहलनं ते घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं डोकं आपटून घेतलं असतं.

मग माझी निवृत्ती आली, आणि खरंच देवाच्या मनात आलं. माझी जागा भरायची ठरली. कायमची, मंजूर, एक.

त्या वर्षी पाळी स्नेहलची चालू होती. विराज माझ्याकडे येऊन म्हणाला की तो अर्ज करणार नाही, पाळी तिची आहे. स्नेहल त्याच्यावर उखडली. म्हणाली, पर्मनंटला पाळी कसली? तू नाही बसलास तर मीही बसणार नाही. बराच वेळ दोघं माझ्या सोप्यावर बसून भांडली, आणि शेवटी दोघांनी अर्ज करायचा, मिळेल त्यानं घ्यायचं, असं ठरलं. मी दोघांना समोर बसवून तयारी करून घेतली. म्हटलं, तुमच्या दोघांच्या नोकरीत एकेक वर्षाआड खड्डा आहे, त्यावर बोट ठेवणारच. तेव्हा आडपडदा नको. होतं तसं सांगा. चोरी नाही केलीत तुम्ही. स्नेहलनं मान हलवली. विराजनंही हलवली.

मुलाखतीच्या खोलीत मी नव्हते, निवृत्त होणाऱ्यानं आपल्याच जागेच्या मुलाखतीला बसायचं नसतं. तिथे काय झालं ते मला नंतर कमिटीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं.

नावांच्या क्रमानं गावस आधी, परब नंतर. विराजला विचारलं, हे एका वर्षाआडचे खंड कसे? तो म्हणाला, वडिलांचं आजारपण होतं, शेती बघावी लागली. वडील तब्येतीनं खणखणीत होते. थोड्या वेळानं स्नेहल आत गेली. तिलाही तोच प्रश्न. तिनं सगळं सांगितलं. एकाचाच वर्कलोड होता, आम्ही दोघं होतो, म्हणून पाळी केली, एक वर्ष मी आणि एक वर्ष विराज गावस. नाव घेऊन सांगितलं, कारण तिच्या मनात लपवण्यासारखं काही नव्हतं. कमिटीत जरा हसाहशी झाली. एकजण म्हणाले, "म्हणजे तुम्हांला नोकरीची तशी गरज नव्हती." या शेऱ्याची तयारी मी तिच्याकडून करून घेतली नव्हती.

जागा तिसऱ्यालाच मिळाली. दक्षिण गोव्यातल्या एका कॉलेजात सलग नोकरी केलेला, कागद चोख, माणूसही वाईट नाही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला सांगणारे गृहस्थ मात्र फोनवर हसत म्हणाले, "तुमची पोरं हुशार आहेत हो. पण एक खोटारडा निघाला आणि दुसरीला नोकरी हौसेपुरती हवी." मी त्यांना म्हटलं, तुम्ही चार माणसं तासभर बसलात आणि त्या दोघांतलं एवढंच तुम्हांला दिसलं? ते म्हणाले, कमिटी समोर येतं तेवढंच बघते. मी फोन ठेवला आणि नंतर त्यांच्याशी बोलले नाही.

आत कोण काय बोललं ते दोघांच्या कानावर गेलं, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. स्नेहलला वाटलं, विराजला आमच्या पाळीची लाज वाटली, म्हणून त्यानं वडिलांचं आजारपण पुढे केलं. विराजला काय वाटलं ते मला कळेना, म्हणून मी मुळगावला गेले.

तो शेतात होता. बांधावर बसलो. त्याच्या आईनं पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर दिली, आणि दोघांनीही ती नुसती चाखून पुढ्यात ठेवली. मी विचारलं, मी तुला काय सांगितलं होतं आणि तू काय बोललास?

"मॅडम, आधी मी आत गेलो," तो म्हणाला. "खंडाचं विचारल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, यांना पाळी सांगितली तर हे म्हणणार, या दोघांना गरज नाही. माझं जाऊ दे, पण माझ्यामागून ती येणार होती. म्हटलं, माझ्या तोंडून पाळी नको. मी वडिलांवर घेतलं."

मी म्हटलं, अरे पण ती खरंच सांगणार, हे तुला ठाऊक नव्हतं?

"होतं," तो म्हणाला. "पण तेवढा विचार करायला वेळ मिळाला नाही." मग म्हणाला, "तिला हे सांगू नका."

मला रडू आलं. या वयात, दुसऱ्याच्या बांधावर, त्याच्या आईच्या देखत. ती माउली घाबरली, काय झालं विचारायला लागली. मी म्हटलं, किसमूर तिखट आहे.

मी त्याचं ऐकलं नाही. तिला सांगणं माझं काम आहे, असं मला वाटलं. गैरसमज दूर झाला की दोन माणसं एकत्र येतात, असं आपण शिकत आलो आहोत. मी केरीला गेले. स्नेहल हॉटेलात स्वागतकक्षात होती, एका परदेशी जोडप्याला भरती-ओहोटीच्या वेळा समजावत होती. फार छान समजावत होती. ती मंडळी मान डोलावून निघून गेल्यावर आम्ही बाहेर सुरूच्या झाडांखाली बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं.

ती ऐकत होती. चेहऱ्यावरचा राग उतरत गेला, तेव्हा मला बरं वाटायला लागलं होतं. मग ती म्हणाली,

"म्हणजे मॅडम, त्यानं मला वाचवलं आणि मी त्याला बुडवलं."

मी म्हटलं, तू खरं बोललीस. मीच सांगितलं होतं तसं.

"खरं बोलले, पण त्याचं नाव घालून बोलले. नाव घालायची काय गरज होती?"

गरज नव्हतीच. पण स्नेहल तशीच आहे, शिकवतानाही कुठल्या गावची कुठली नदी ते नाव घालून सांगायची. मी म्हटलं, त्याला फोन कर. ती हो म्हणाली. तिनं केला नाही. रागात होती तोवर एखाद्या चतुर्थीला, एखाद्या शिगम्याला ती त्याच्याशी बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या आणि मिटलं असतं. आता ती त्याच्यासमोर उभीच राहू शकत नाही. ते मी केलं, तिच्या भल्यासाठी.

नवे सर सज्जन आहेत. पुढच्या जूनला प्रवेश आणखी घसरले, कंत्राटाएवढा वर्कलोडही राहिला नाही; त्यांच्याकडे थोडे तास उरले होते, लेक्चर बेसिसचे. त्यांनी मला फोन करून विचारलं, तुमच्या दोघांपैकी कुणाला बोलावू? मी दोघांना विचारलं. स्नेहल म्हणाली, विराजला द्या. विराज म्हणाला, तिला द्या. पूर्वी हे असं बोलले असते तर मी कौतुकानं चार जणांना सांगत सुटले असते. आता दोघांनाही ते तास नको होते. सरांनी तिसरंच कोणीतरी घेतलं.

विराज हल्ली खाणीवर मोजणीच्या कामाला आहे. किती माती काढली, ढीग केवढा झाला, हे यंत्र लावून मोजतो. भूगोल कामाला आला, असं एकदा म्हणाला, आणि हसला नाही. पगार महिन्याच्या महिन्याला येतो, मे महिन्यातसुद्धा. आता लग्नही ठरतंय म्हणतात. स्नेहल केरीलाच आहे, हॉटेलात तिला बढती मिळाली. दोघांचं वाईट चाललं आहे असं कुणी म्हणणार नाही. पण दोघंही आता कुणाला काही शिकवीत नाहीत. आमच्या भागातून मी इतक्या वर्षांत जे दोन अस्सल शिक्षक बघितले, ते हे दोन. मला त्याचा राग येतो. कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून घरातल्या भांड्यांवर निघतो.

निवृत्त माणसाला भाषणाला बोलावतात. मध्यंतरी आमच्याच तालुक्यात नव्या शिक्षकांसाठी एक दिवसाचा कार्यक्रम होता. वर्ग कसा सांभाळावा यावर बोला म्हणाले, बोलले. बाटलीचं सांगितलं, करवंटीचं सांगितलं. नावं घेतली नाहीत. नव्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी दोन मुली माझ्याजवळ आल्या. एकाच कॉलेजातल्या, एकाच विषयाच्या, एकाच स्कूटरवरून आलेल्या. एकीच्या हातात दोघींची हेल्मेटं होती. तिनंच विचारलं,

"मॅडम, आमच्याकडे पुढच्या वर्षी एकीचाच वर्कलोड उरतोय. आम्ही म्हणतो, अर्धे अर्धे तास वाटून घ्यावे. चालेल का?"

त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. दोघींच्या डोळ्यांत ते दिसत होतं. फक्त मोठ्या माणसाच्या तोंडून 'छान' एवढं ऐकायला आल्या होत्या. मला ते म्हणावंसं वाटलं, फार वाटलं.

"वाटू नका," मी म्हणाले. "मुलाखतीला दोघी बसा. जिला मिळेल तिनं सगळं घ्यायचं आणि सोडायचं नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरीचं दुसरी बघेल."

हेल्मेटंवालीनं शेजारणीचं हेल्मेट शेजारणीच्या हातात दिलं. मी दिलेला सल्ला बरोबर होता. कुणालाही विचारा, माझ्या जागी जो असेल तो हेच सांगेल.

निघताना दोघी वाकून पाया पडल्या, आधी एक, मग दुसरी. पाया पडणाऱ्याला 'यश येऊ दे' म्हणायची माझी जन्माची सवय. त्या दिवशी ते कुणाला म्हणावं हे मला कळेना, आणि मी नुसता दोघींच्या डोक्यावर हात ठेवला.